अंकातलं भोक

माझ्याकडे ऐंशीच्या दशकातला एक जुना अंक आहे, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या मासिकाचा, आणि त्याच्या एका पानाला चौकोनी भोक आहे. कुण्या पोरानं कात्रीनं कूपन कापून घेतलंय. स्पर्धेचं होतं की वर्गणीचं ते आता कळायला मार्ग नाही, कारण कूपनच गेलंय. कात्री सरळ चाललेली नाही, एका कोपऱ्यात अडखळून परत फिरलीये, म्हणजे हात लहानच असणार. कूपन गेलं त्याचं मला काही नाही हो, पण त्या कूपनच्या पाठीमागे त्या महिन्याच्या चित्रकथेचा शेवटचा चौकोन होता. म्हणजे बघा, सात-आठ पानं सगळे पळतायत, भिंती थरथरतायत, शेवटी एक दार उघडतं, दारापलीकडे बघून एकाच्या तोंडाचा आ होतो आणि पुढे काय तर भोक. भोकातून पलीकडच्या पानावरची जाहिरात दिसते.

बरीच वर्षं मी त्या दारामागे काय असेल ते मनातच रंगवत होतो. मग कधीतरी त्या कथेचा संग्रह, म्हणजे सगळे हप्ते एकत्र करून काढलेलं पुस्तक, हातात आला, मी थेट ते पान उघडलं आणि निघालं काय तर एक बऱ्यापैकी नेहमीचा राक्षस. माझ्या मनातला जास्त भारी होता. पण मुद्दा तो नाहीये. मुद्दा असा की संग्रहात तो चौकोन मिळाला आणि बाकी सगळं गेलं, म्हणजे समोरच्या पानावरची वाचकांची पत्रं, 'पुढच्या अंकात' म्हणून दिलेली चुकीची जाहिरात (पुढच्या अंकात तसं काही आलंच नव्हतं), चित्रकाराची उशीर झाल्याबद्दलची माफी, आणि त्या पोराची कात्री.

हल्ली या विषयावर कुणाशीही बोललं की एक वाक्य ठरलेलं असतं, संग्रह निघालेत ना, मग जुन्या अंकांचं काय एवढं, आणि स्कॅन करून ठेवणारे तर सरळ चोरच. मला यातला पहिला भाग चुकीचा वाटतो आणि दुसरा अर्धवट. चाहत्यांच्या मासिकात क्रमशः आलेली विज्ञान चित्रकथा त्या मासिकासकट जपली पाहिजे, आणि अंक बाजारातून गेल्यावर ठरावीक वर्षांनी सार्वजनिक ग्रंथालयांना तो आख्खा अंक लोकांना घरबसल्या दाखवता आला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. संग्रह असला तरीही. ब्रिटन-जपानमध्ये आज कायदा याच्या बरोब्बर उलट आहे, त्यावर पुढे येतोच.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर कुणीतरी पकडणारच. फॅन मासिक म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेलं, स्टेन्सिल कापून, हातानं फिरवायच्या मशीनवर छापून, पिना मारून पोस्टानं पाठवलेलं. दुसरं म्हणजे प्रकाशकानं चाहत्यांसाठी काढलेलं गुळगुळीत मासिक. पहिल्याला फॅनझीन म्हणतात, हा शब्द १९४० मध्ये रस शॉव्हने यांनी काढला, गोष्ट मात्र त्याआधीची आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं आणि पत्रांच्या सदरात पत्र लिहिणाऱ्याचं नाव पूर्ण पत्त्यासकट छापायला लागले. झालं, वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले, त्यातून क्लब निघाले आणि क्लबांतून १९३० पासून चाहत्यांची मासिकं. सगळ्या फॅनगिरीचं मूळ त्या छापलेल्या पत्त्यांत आहे म्हटलं तरी चालेल. हे पत्ते लक्षात ठेवा, ते नंतर आडवे येणारेत.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी असंच एक मासिक काढलं होतं, नाव साधं, 'सायन्स फिक्शन'. त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकात सीगलनं टोपणनावानं एक गोष्ट लिहिली आणि शुस्टरनं तिला चित्रं काढली, गोष्टीत सुपरमॅन नावाचा एक टकला खलनायक होता. हो, खलनायक. पाच वर्षांनी १९३८ मध्ये याच दोघांचा सुपरमॅन, आता केसांसकट आणि चांगला होऊन, कॉमिकमध्ये आला आणि त्याचे हक्क दोघांनी १३० डॉलरला विकून टाकले आणि पुढे आयुष्यभर त्याच हक्कांसाठी झगडत राहिले. मला यात रस एवढ्यासाठी की ते टकल्याचं पान कुणीतरी जपलं म्हणून आपल्याला कळतंय. अंक निघाले एकूण पाच, तेही हातानं छापलेले. ज्या कंपनीनं नंतर हक्क विकत घेतले तिला ते पान जपायचं कारणच नव्हतं. जपलं ते वाचकांनी, ट्रंकेत, माळ्यावर, असंच कुठेतरी.

आता गुळगुळीत मासिकांकडे येऊ, कारण चित्रकथेला खरी जागा तिथं मिळाली.

'डॉक्टर हू वीकली' ऑक्टोबर १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं, मार्व्हलच्या तिथल्या शाखेकडून, संपादक डेझ स्किन. पहिल्याच अंकापासून चित्रकथा होती, पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर यांनी लिहिलेली, डेव्ह गिबन्सनं काढलेली, रोमन साम्राज्य कधी पडलंच नाही अशा एका समांतर पृथ्वीची. काळी-पांढरी. साल भरायच्या आत, सप्टेंबर १९८० मध्ये, साप्ताहिकाचं मासिक झालं, म्हणजे जो पोरगा पुढच्या आठवड्याची वाट बघत होता त्याला आता महिनाभर थांबायला लागलं. मासिक अजून चालू आहे आणि चित्रकथाही.

आता यातली गंमत बघा. मूळ टीव्ही मालिका डिसेंबर १९८९ मध्ये बंद पडली. १९९६ मध्ये एक टीव्ही चित्रपट आला, त्यातून पुढे काही झालं नाही, आणि मालिका परत सुरू झाली थेट मार्च २००५ मध्ये. मधली पंधरा वर्षं चित्रकथा चालूच. त्या १९९६ च्या चित्रपटातला आठवा डॉक्टर (मालिकेच्या नायकाचं नावच डॉक्टर, नट बदलला की पुढचा नंबर) टीव्हीवर तेव्हा आला एका रात्रीपुरता, दीड तासाच्या आसपास, आणि मासिकात तो १९९६ पासून २००५ पर्यंत जवळजवळ दर महिन्याला येत राहिला. त्याच्याबरोबर फिरणारी इझी नावाची मुलगी स्वतःच विज्ञानकथांची वेडी होती, म्हणजे मासिक वाचणाऱ्यांपैकीच एक उचलून पानात टाकलेली. त्या वर्षांत वाचक झालेल्या माणसाला विचारा की डॉक्टर म्हणजे कोण, तो टीव्ही कशाला सांगेल? त्याच्यासाठी ती महिन्याची सात-आठ पानं हीच मालिका होती.

तरीही कित्येक वर्षं या चित्रकथांना 'खऱ्या' कथानकात धरायचं नाही अशीच पद्धत. टीव्हीवर दिसलं ते खरं आणि मासिकातलं म्हणजे टाइमपास. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये साठाव्या वर्षाच्या निमित्तानं पहिला खास भाग आला 'द स्टार बीस्ट', तो चक्क १९८० मध्ये वीकलीत आलेल्या चित्रकथेवरून. दिसायला गोजिरवाणा आणि आतून महाभयंकर असा बीप द मीप त्रेचाळीस वर्षांनी टीव्हीवर आला, श्रेयनामावलीत मिल्स आणि गिबन्स यांची नावं आली आणि ज्यांनी पोरपणी ती पानं वाचली होती ते पन्नाशीच्या पुढचे लोक आनंदानं वेडे झाले. त्याच मूळ चित्रकथेत शॅरन नावाची शाळकरी मुलगी डॉक्टरबरोबर निघते, ती काळी आहे, साल १९८०, आणि टीव्हीला डॉक्टरबरोबर नियमित फिरणारी काळी सोबतीण दाखवायला त्यानंतर पाव शतकाहून जास्त लागलं. म्हणजे ज्याला टाइमपास म्हणत होते ते काही बाबतीत मुख्य मालिकेच्या पुढे होतं. हे आज सिद्ध करायचं तर अंक हातात हवा, तारीख असलेला.

आणि मालकांनी जपलं असतं असं म्हणणाऱ्यांना मी एकच उदाहरण देतो. साठच्या दशकातले 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग बीबीसीनं स्वतः पुसून टाकले, टेप महाग होत्या, परत वापरायच्या होत्या, दाखवून झालेल्या गोष्टीचं पुढे काय करायचं असा विचार. हे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चाललं. पुढे काही भाग परदेशातल्या स्टेशनांच्या गोदामातून, काही खासगी संग्राहकांकडून मिळाले, तरी शंभराच्या आसपास भाग अजूनही सापडलेले नाहीत. पण आवाज मात्र सगळ्याच्या सगळ्या हरवलेल्या भागांचा आहे. का? तर घरोघरी काही पोरं टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर ठेवून घरच्यांना गप्प बसवून आवाज रेकॉर्ड करत होती. कायद्यानं बघायला गेलं तर त्यांना तसा अधिकार नव्हताच. आज बीबीसी त्याच आवाजांवर अ‍ॅनिमेशन करून ते भाग विकते. मी हे टोमणा म्हणून सांगत नाहीये (थोडासा म्हणून सांगतोय). सांगायचं एवढंच की ज्याच्याकडे हक्क असतात त्याच्याकडे जपायची इच्छा असतेच असं नाही, ती बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणाकडे असते, ज्याला कायदा काही देत नाही.

बरं, म्हणतील की टीव्हीचं ठीक आहे, चित्रकथांचे तर व्यवस्थित संग्रह आले. आले, खरंय. त्या पहिल्या रोमन कथेचा नीट संग्रह आला २००४ मध्ये, पंचवीस वर्षांनी, आणि मला तो आवडतोही, छपाई मूळ अंकापेक्षा शंभरपट स्वच्छ आहे. पण संग्रह म्हणजे ती गोष्ट नव्हे. आणि हे सगळ्यात चांगलं कळतं जपानकडे बघितलं की.

अ‍ॅनिमेशनपट करणारे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांची 'नाउशिका' बहुतेकांना चित्रपट म्हणून माहितीये, १९८४ चा. मूळ चित्रकथा 'अ‍ॅनिमेज' नावाच्या मासिकात आली आणि 'अ‍ॅनिमेज' म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या चाहत्यांसाठी काढलेलं मासिक, चित्रकथांचं नव्हेच. फेब्रुवारी १९८२ च्या अंकात सुरू झाली आणि मार्च १९९४ च्या अंकात संपली. बारा वर्षं. बारा वर्षांत हप्ते आले एकोणसाठ, कारण मध्ये चार वेळा मोठे खंड पडले, माणूस चित्रपट करायला जायचा, संपला की परत यायचा. सर्वांत मोठा खंड जवळजवळ तीन वर्षांचा, १९८७ ते १९९०.

आता सात खंडांचा संग्रह घेऊन बसलात तर दोन दिवसांत वाचून होतो. मीही तसाच वाचला, आणि साधारण पाचव्या खंडाच्या पुढे मला सारखं वाटायला लागलं की हे कुणी दुसराच माणूस लिहितोय. सुरुवातीला माणसाच्या चुकांनी विषारी झालेली पृथ्वी, तिला शुद्ध करणारं जंगल, दोन साम्राज्यांची लढाई, शहाणी राजकन्या, सगळं बऱ्यापैकी सरळ. शेवटी मात्र ज्यावर आपण विश्वास ठेवला तेच सगळं उलटून पडतं, शुद्धपणाची कल्पनाच संशयास्पद होते. संग्रहात पान उलटलं की झालं, मधे काही नाही. पण अंकांच्या तारखा लावून बघा. सुरू झाली तेव्हा जग दोन महासत्तांमध्ये वाटलेलं होतं, संपली तेव्हा त्यातली एक नकाशावरून गेलेली होती आणि युगोस्लाव्हियात शेजारी शेजाऱ्याला मारत होते. ज्या माणसानं ती गोष्ट चालू असताना वाचली तो स्वतः पंधराचा सत्तावीस झाला, मधल्या तीन वर्षांत नोकरीला लागला, आणि मग एक दिवस अंक उघडला तर नाउशिका परत. तिचं वय तेवढंच. हा जो अनुभव आहे तो गोष्टीचाच भाग आहे की नाही? मला वाटतं आहे. आणि तो संग्रहाच्या पानांत कुठेच छापलेला नाही. तो फक्त अंकांत आहे, मुखपृष्ठावर, शेजारच्या बातम्यांत, कुठल्या चित्रपटाची जाहिरात मागच्या पानावर होती त्यात, आणि ज्या अंकांत ती नव्हती त्या अंकांतही.

संग्रह करताना मियाझाकींनी पानांत दुरुस्त्याही केल्या. तो त्यांचा हक्क, पूर्ण हक्क. पण आधीचं पान कसं होतं ते बघायचा हक्क कुणालाच नाही का?

याच्या पुढची पायरी म्हणजे मामोरु नागानो यांची 'फाइव्ह स्टार स्टोरीज'. ही 'न्यूटाइप' या अ‍ॅनिमेशनच्याच मासिकात एप्रिल १९८६ च्या अंकापासून चालू आहे, आणि चालू आहे म्हणजे खरंच अजून संपलेली नाही. राजे, शूर सरदार, महाकाय यंत्रमानव, ते चालवायला मदत करणाऱ्या कृत्रिम मुली, हजारो वर्षांचा पसारा. या माणसानं सुरुवातीलाच आख्ख्या इतिहासाची सनावळी छापून टाकली, कोण कधी मरणार, कुठलं राज्य कधी बुडणार, सगळं. म्हणजे वाचकाला शेवट आधीच माहितीये आणि तरी तो चाळीस वर्षं अंक घेतोय. ज्यांना वाटतं लोक क्रमशः फक्त पुढे काय होणार या उत्सुकतेपोटी वाचतात त्यांनी या प्रकाराचा जरा विचार करावा. मला जपानी येत नाही, मी चित्रं बघतो आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोषवाऱ्यावर भागवतो, तरी सुटत नाही.

तर २००४ मध्ये नागानो थांबले, चित्रपट करतो म्हणाले. तो आला २०१२ मध्ये. आणि २०१३ च्या वसंतात 'न्यूटाइप'मध्ये गोष्ट पुन्हा सुरू झाली तेव्हा सगळे यंत्रमानव बदललेले. रूप बदललेलं, नावं बदललेली, आणि कुठल्याही पात्राला त्याचं काही वाटत नाही, जणू पहिल्यापासून हे असंच होतं. नऊ वर्षं वाट बघितलेल्या लोकांच्या हातात हा अंक पडला तेव्हा त्यांचं काय झालं असेल याची तुम्हीच कल्पना करा, कपाटात जुन्या यंत्रांची मॉडेल जोडून ठेवलेली असतील आणि गोष्ट म्हणते ही यंत्रं कधी नव्हतीच.

मला नागानोंचा राग येत नाही, खरं सांगायचं तर मला ते भन्नाट वाटतं, स्वतःच्या जगाला इतकं निर्दयपणे मोडणारा माणूस विरळा. बनवणाऱ्यानं हवं ते बदलावं. पण समजा उद्या असं ठरलं की जुने खंडही नव्या रूपात काढायचे आणि जुनी छपाई बंद, तर? मूळ गोष्ट कशी होती याचा पुरावा मग कुठे राहील, तर लोकांच्या घरात पडलेल्या जुन्या अंकांत. पुन्हा तिथेच आलो, ट्रंक आणि माळा.

आता कायदा. तुम्ही म्हणाल राष्ट्रीय ग्रंथालयं आहेत की, आहेत ना. ब्रिटनमध्ये प्रकाशकानं छापलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यायची असते, प्रसिद्ध झाल्यापासून महिन्याच्या आत. जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीचंही तसंच. गुळगुळीत मासिकं तिथं असतात. हातानं छापलेली फॅनझीनं मात्र बरीचशी निसटतात, कारण काढणाऱ्या कॉलेजच्या पोराला आपण प्रकाशक आहोत हेच माहीत नसतं.

पण असणं वेगळं आणि वाचायला मिळणं वेगळं. जपानच्या त्या लायब्ररीनं मे २०२२ मध्ये फार चांगली सोय सुरू केली, छपाई बंद झालेली पुस्तकं नोंदणी केलेल्या माणसाला घरून वाचता येतात. मी हे वाचून खूश झालो, आणि मग पुढची ओळ वाचली की यातून चित्रकथा आणि व्यावसायिक मासिकं वगळली आहेत. म्हणजे चित्रकथा छापणारं मासिक दोन्हीकडून बाहेर! पुस्तक म्हणून चित्रकथा चालत नाही आणि मासिक म्हणून मासिक चालत नाही. वाचायचंय तर टोकियोला नाहीतर क्योटोजवळच्या शाखेत जाऊन स्क्रीनसमोर बसा. प्रकाशकांची भीती मला समजते, चित्रकथा हा तिथला मोठा धंदा आहे आणि जुन्या गोष्टी नव्यानं विकल्या जातात. पण १९८५ च्या अंकातलं वाचकांच्या चित्रांचं पान कोण नव्यानं विकणार आहे?

आणि कॉपीराइट संपेपर्यंत थांबा म्हणाल तर हिशेब करा. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं, जपाननंही २०१८ च्या शेवटी पन्नासाचे सत्तर केले. १९८२ मध्ये लिहिणारा माणूस आज हयात आहे आणि देव करो शंभर वर्षं जगो, म्हणजे त्या अंकाचा नंबर पुढच्या शतकात. पिनांना गंज आत्ताच लागलाय. त्यात पुन्हा एका अंकात हक्कदार किती, तर लिहिणारा, चित्र काढणारा, अक्षरं भरणारा, टीव्ही कंपनी, प्रकाशक, आणि पत्र लिहिणारा प्रत्येक वाचक, कारण पत्राचा कॉपीराइट ज्याचं पत्र त्याचा. म्हणून तर संग्रहात पत्रं येत नाहीत, कोण शोधणार त्या सगळ्यांना. आख्खा अंक रीतसर परवानग्या घेऊन परत छापणं हे प्रत्यक्षात होणारच नाही, आणि जे प्रत्यक्षात होऊच शकत नाही त्याच्यापुरती ग्रंथालयाला सूट दिली तर कुणाचा धंदा बुडतो हे मला कुणीतरी समजावून सांगावं. युरोपियन युनियननं २०१९ च्या कॉपीराइट निर्देशात बाजारातून गेलेल्या कामांसाठी अशी वाट काढलीही आहे, ग्रंथालयांनी दाखवावं आणि ज्याला नको त्यानं हरकत घेऊन आपलं काढून घ्यावं. हे मासिकांना नीट लागू करा एवढंच माझं म्हणणं.

माझ्या बाजूच्या लोकांनाही थोडं सुनावतो. स्कॅन टाकणारे सगळे काही साधुसंत नसतात. मागच्या महिन्याचा अंक ज्या दिवशी आला त्याच रात्री त्यातली फक्त चित्रकथेची पानं काढून टाकायची, पत्रं बित्रं कचरा म्हणून वगळायची, वर स्वतःचा शिक्का मारायचा, याला जपणूक म्हणत नाहीत. हे तर संग्रहापेक्षा वाईट, कारण त्यात लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय आणि अंकही गेला. या चित्रकारांची कमाई कधीच फार मोठी नव्हती. चालू गोष्ट विकत घ्या, नाही परवडत तर मित्राकडून वाचा, थांबा, थांबायची सवय तर या प्रकारानंच लावलीये ना.

आणि खरी अडचण, जिच्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाहीये, ती म्हणजे ते पत्ते. गर्न्सबॅकनं सुरू केलेली पद्धत पुढे पत्रमैत्रीच्या सदरांत कित्येक दशकं चालली. नाव, वय तेरा, घर क्रमांक, गल्ली, 'माझ्या वयाच्या चाहत्यांनी लिहावं'. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आज ती तेरा वर्षांची मुलगी साठीला आली असेल, कदाचित त्याच घरात राहत असेल, आणि तिनं होकार दिला होता तो काही हजार प्रतींच्या मासिकाला, जगातल्या कुणीही नाव टाकून शोधावं याला नाही. इथे प्रकाशकांचं म्हणणं बरोबर आहे आणि आपल्यातल्या उत्साही मंडळींचं चूक. पत्ते झाकायलाच हवेत, म्हणजे एकेक पान माणसानं बघायचं, कष्टाचं आणि कंटाळवाणं काम. पण होऊ शकतं. आयोवा विद्यापीठाकडे रस्टी हेवलिन या चाहत्यानं आयुष्यभर जमवलेली हजारो फॅनझीनं आहेत, त्यांनी २०१४ च्या सुमारास ती डिजिटल करायला घेतली आणि मजकूर टाइप करायला वाचकांनाच बोलावलं. लोक आले. हे काम करायला लोक मिळतात, कारण वाचकाला या मासिकांत पहिल्यापासून निम्मं काम करायची सवयच आहे.

माझ्या त्या भोकाच्या अंकाचं मीही मागच्या वर्षी स्कॅनिंग केलं, घरच्या घरी, स्वतःपुरतं. पिना सोडवताना एक तुटली. पत्रांच्या पानावर दोन पोरांचे पूर्ण पत्ते होते, ते मी काळे केले, मग वाटलं मूळ फाइल तशीच ठेवावी आणि काळी केलेली वेगळी, मग दोन फाइल झाल्या. भोकाच्या पानाशी येऊन मात्र अडलो. संग्रहातून तो चौकोन उचलून भोकात बसवणं दोन मिनिटांचं काम होतं, मोजमापही जुळत होतं. मी बसवून बघितलाही. राक्षस दारात उभा राहिला, पान पूर्ण झालं. मग तो काढला, भोकामागे पांढरा कागद न ठेवता पान तसंच काचेवर ठेवलं आणि स्कॅन केलं, त्यामुळे आता त्या फाइलमध्ये दार उघडतं, माणसाचा आ होतो आणि त्याच्यासमोर पलीकडच्या जाहिरातीतला अर्धा शब्द येतो. कात्री अडखळलेला कोपरा झूम केला तर स्पष्ट दिसतो.